कायदा आणि नागरिक : लेखांक सातवा
विद्वेषाला आळा आणि विद्यापीठातील वाणी

समाजासमाजांत वैरभाव पसरविण्याबद्दल शिक्षा सांगणारे, १८९८ साली दंडसंहितेत दाखल झालेले आणि आज भारतीय न्याय संहितेत कलम १९६ म्हणून नांदणारे कलम मागील लेखांकात आपण पाहिले. त्याचा अंमल विद्यापीठाच्या आवारात कोठवर चालावा, हा आजचा विषय आहे. धामणगाव रेल्वेसारख्या गावांतील मुले आज अमरावती-नागपूरच नव्हे, तर अमेरिकेपर्यंत शिकावयास जातात, आणि तेथे हाच प्रश्न ज्यू विद्यार्थ्यांच्या संदर्भात धगधगत आहे.

कोकणात शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला येथे ज्यूद्वेषाची झळ लागली नाही, म्हणून त्या द्वेषाची दाहकता आपल्याला चटकन उमगत नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांचा यूरोपात पद्धतशीर संहार झाला, त्यांच्या मुलांना वसतिगृहात वा वर्गात धमकावले जात असेल, तर राज्यसंस्थेने स्वस्थ बसणे हा अन्यायच होय. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सहावे प्रकरण वंश, वर्ण व राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान रोखू शकते, आणि सामाईक वंशपरंपरेच्या आधारे ज्यू विद्यार्थ्यांनाही त्याचे संरक्षण मिळते. १ मे २०२४ रोजी तेथील प्रतिनिधिगृहाने ३२० विरुद्ध ९१ मतांनी एक विधेयक संमत केले; त्यान्वये अशा तक्रारींच्या चौकशीत, आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण संघटनेने २०१६ साली स्वीकारलेली ज्यूद्वेषाची व्याख्या विचारात घेतली जावयाची होती. तेथील सिनेटमध्ये मात्र ते संमत झाले नाही. या व्याख्येसोबतच्या उदाहरणांत इस्रायल राष्ट्रावरील काही प्रकारची टीकाही येते, आणि म्हणूनच मूळ मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच ती विद्यापीठांवर कायद्याच्या बळाने लागू करण्यास विरोध केला.

आपल्याकडील दाखला कोल्हापूर जिल्ह्यातील आहे. तेथील एका महाविद्यालयाच्या काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सअ‍ॅपवर, जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा ज्या दिवशी काढून घेतला गेला तो ५ ऑगस्ट हा काळा दिवस असल्याचे लिहिले आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या, एवढ्यावरून हातकणंगले ठाण्यात दंडसंहितेच्या कलम १५३-अ खाली, म्हणजे आजच्या कलम १९६ च्या पूर्वरूपाखाली, फिर्याद दाखल झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी ती रद्द केली. त्या निकालात न्यायमूर्ती अभय ओक व उज्जल भुयान यांनी जो निकष आधारास घेतला, तो आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचा आहे. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात, भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या खटल्यात, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे ठरविले की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या दृष्टीने जोखावा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या दृष्टीने नव्हे.

हा निकष मला मोलाचा वाटतो, तथापि केवळ त्यावर विसंबणे पुरेसे नाही. कारण एकट्या, अल्पसंख्य विद्यार्थ्याने सदैव खंबीर राहावे अशी अपेक्षा बाळगणे निर्दयपणाचे होईल. त्यासाठी दुसरा भेद करावा लागतो. राज्यकर्त्यांवर, राष्ट्रावर, धर्ममतावर केलेली टीका, ती कितीही कटू असो, विद्यापीठाने सहन केली पाहिजे. परंतु विशिष्ट विद्यार्थ्याला त्याच्या जन्मावरून गाठून त्याची वाट अडविणे वा त्याला शिकणे अशक्य करणे, हे मत नसून वर्तन आहे. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली छळ ठरविताना तो गंभीर, सर्वव्यापी आणि वस्तुनिष्ठपणे आक्षेपार्ह असावा व त्यामुळे शिक्षणाची संधी हिरावली जावी, असे म्हटले, ते याच अर्थाने. आपल्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही जातीवरून केलेल्या अपमानाला शिक्षा देताना हेतू, पीडित व्यक्ती आणि सार्वजनिक दृष्टिपथ या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात.

म्हणून विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी, तक्रार येताच, बोलणाराचे मत कोणते हे विचारण्याआधी कोणाच्या शिक्षणात कोणता अडथळा आला हे विचारावे, आणि तो अडथळा दिसला तर तिळमात्र विलंब न करता कारवाई करावी. ज्यू असो, दलित असो वा काश्मिरी, पीडिताला संरक्षण आणि विरोधकाला वाणी ही दोन्ही देणी विद्यापीठ एकाच वेळी फेडू शकते. फिर्याद दाखल होऊन ती रद्द होईपर्यंतच्या काळात निरपराध माणसाला काय सोसावे लागते आणि त्यावर उपाय कोणता, याचा विचार पुढील लेखांकात करू.