मूल उशिरा बोलतंय? वाट पाहू नका



उसात तुटाळ दिसली की आपण लगेच नांग्या भरतो. मुलाच्या बाबतीत मात्र "बाप पण उशिराच बोलला" म्हणून गप्प बसतो. १८ महिन्यांचे मूल आधाराशिवाय चालत नसेल, बोट दाखवत नसेल, एकही शब्द बोलत नसेल. २ वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा शिकलेले विसरू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. कधी कधी मुलाला ऐकूच येत नसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. माळशिरस तालुक्यातील सभासदांनी त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. फडावरच्या तोडणीवाल्यांनाही हे सांगावे, ही विनंती.