बिडाचे खांब

बिडाचा तवा आपल्या ओळखीचा. वर्षानुवर्षे चुलीवर तापतो, पण हातून फरशीवर पडला की दोन तुकडे! याच बिडाने कोणी उंच प्रार्थनामंदिर पेलले असेल, हे खरे वाटत नाही. पण इंग्लंडात लिव्हरपूल शहरी, एव्हर्टनच्या टेकडीवर, सेंट जॉर्जचे चर्च १८१४ सालापासून उभे आहे. व्हिक्टोरिया राणी गादीवर यायला तेव्हा २३ वर्षे अवकाश होता.

बाहेरून पाहाल तर भिंती दगडी. आत मात्र खांब, सज्जे, खिडक्यांची जाळी, छताच्या कमानी, सारे बिडाचे. छतातल्या चौकटींत पातळ लाद्या आहेत. त्या कसल्या, तर शाळेतली पाटी ज्या दगडाची, त्याच्या!

ही करामत जॉन क्रॅग या लोखंडाच्या कारखानदाराची. टॉमस रिकमन हा त्याचा वास्तुकार. लाकडी नमुना एकदाच कोरायचा, वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेले बीड ओतायचे. दुसरा खांब हवा? तोच नमुना पुन्हा वाळूत दाबा. पाथरवटाला मात्र दर खांबाला नव्याने छिन्नी धरावी लागते. पुढच्याच वर्षी पुरे झालेल्या, त्याच शहरातल्या सेंट मायकेलच्या चर्चलाही क्रॅगने अशा ओतीव भागांचा सढळ वापर केला.

मग तव्यासारखा खांब फुटत कसा नाही? बीड दाब उत्तम सोसते. ताण आणि आघात त्याला मानवत नाहीत. सरळ उभ्या खांबावर भार वरून येतो, म्हणजे मुख्यतः दाबच. म्हणून दगडापेक्षा पुष्कळ बारीक खांब पुरतो. याची किंमत आपल्याला कळावी. आपल्या दगडी सभामंडपात खांबाआड बसलेल्याला कीर्तनकार नुसता ऐकू येतो, दिसत नाही! एव्हर्टनला मागच्या बाकावरही नजर अडत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. धातू नवा, पण घाट सगळा जुन्या दगडी कोरीव कामाचा. बिडाला स्वतःचे रूप काही मिळाले नाही. ते पाहायचे तर मुंबईत काळ्या घोड्यापाशी जावे. तिथली एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, १८६० नंतरच्या दशकात बांधले गेले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडवून, सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडला. दर्शनी बाजूचे खांब उघडे आहेत. दगडाचे सोंग तिथे घेतलेले नाही.