नागाहामातलं रामेन

जपानमधल्या फुकुओकाच्या नागाहामा भागात, मासळीबाजाराजवळच्या गल्लीत शिरलं की दुकान दिसायच्या आधी वास येतो. डुकराची हाडं तासन्‌तास उकळल्याचा हा वास उग्र आहे. नवखे नाक मुरडतात. मला तो मनापासून आवडतो आणि सकाळच्या रिकाम्या पोटी तर जास्तच.

दाराशी तिकिटाचं यंत्र आहे. पैसे सरकवते, सगळ्यात वरचं बटण दाबते, चिठ्ठी घेऊन आत जाते. लांबलचक फळीपुढे एकच स्टूल मोकळं आहे. शेजारी गमबूट घातलेले एक आजोबा बसलेत, बाजारातलं काम उरकून आले असावेत. चिठ्ठी पुढे ठेवताच आचारी विचारतो, नूडल्स कशा हव्यात? ‘काता,’ मी सांगते. थोड्या कडक. ‘बारिकाता’, म्हणजे त्याहूनही कडक, मागणाऱ्यांच्या नूडल्स उकळत्या पाण्यात जेमतेम बुडी मारून बाहेर येतात.

त्याचे हात बघण्यासारखे आहेत. वाडग्याच्या तळाशी आधी ‘तारे’, म्हणजे सोया सॉसचं खारट मिश्रण. त्यावर पळीने रस्सा, पेजेसारखा पांढरट. यात दुधाचा थेंब नाही. मोठ्या आचेवर हाडं खळखळत ठेवली की त्यांतली मज्जा आणि चरबी पाण्याशी एकजीव होते. आच मंद ठेवली तर रस्सा नितळच राहील. डुकराच्या हाडांचं हे रामेन मूळचं जवळच्याच कुरुमे शहरातलं, १९३७ साली एका गाडीवर सुरू झालेलं. तेव्हा रस्सा असा पांढरा नव्हता. १९४७ मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका गाडीवर भांडं आचेवर जास्त वेळ राहून गेलं आणि तो पांढरा झाला, असं इकडे सांगतात.

आता नूडल्स. मनगटाचे दोन सणसणीत झटके, गाळणीतलं पाणी खाली. पाणी राहिलं तर रस्सा फिका पडणार. मग मांसाचे पातळ काप, कांद्याची हिरवी पात, आणि वाडगा माझ्यापुढे.

पहिला घोट नुसत्या रस्स्याचा. फळीवर तीळ आहेत, लाल आलं आहे, ताकाना नावाच्या पाल्याचं तिखट लोणचंही आहे. पण चव घेण्याआधीच लोणचं घालणं मला रस्स्यावर अन्याय वाटतो. ओठांना किंचित चिकटपणा येतो, मागून मीठ, मग मांसाची गोडसर चव. नूडल्स बारीक, सरळ, मध्यभागी अजून दाताला लागणाऱ्या. आजूबाजूला सगळे सुर्रकन ओढून खाताहेत. बोलत कोणीच नाही.

घाई इथल्या नूडल्समध्येच आहे. १९५५ मध्ये मासळीबाजार नागाहामाला आला. तिथल्या माणसांना कामातून उसंत मिळायची ती थोडी, म्हणून चटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स. पण ज्या चटकन शिजतात त्या गरम रस्स्यात चटकन मऊही पडतात. मोठा वाडगा दिला तर तळाशी लगदाच उरेल. म्हणून पहिल्यांदा थोड्याच द्यायच्या आणि संपत आल्या की ताज्या. त्यालाच ‘काएदामा’ म्हणतात. कष्टकऱ्याला वेळ कमी, म्हणून त्याला बेचव खाऊ घालायचं नाही, हा यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

आजोबा शेवटचे दोन घास शिल्लक असतानाच हात वर करतात. ‘काएदामा!’ घास संपतात न संपतात तोच वाफाळता गोळा त्यांच्या वाडग्यात पडतो. रस्सा आता पातळ झालाय. ते फळीवरच्या किटलीतून तारेची धार सोडतात, चव बघतात, आणखी चार थेंब घालतात.

माझ्याही वाडग्यात आता थोड्याच नूडल्स उरल्यात. हात वर करते. आजोबा न बोलता किटली माझ्याकडे सरकवतात. मी मान लववून आभार मानते, तारे घालते, आणि आता मात्र चमचाभर ताकानाही.