तार, उपग्रह की प्रकाशतंतू?

विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे संगणक सामायिक खर्चाने जोडायचे, तर कशाने? १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पापुढे हाच प्रश्न होता. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी व दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ ठिकाणांपासून त्याचा आरंभ झाला. पुण्यात पुढे गणेशखिंडीतील 'आयुका' हे त्याचे केंद्र झाले.

उपलब्ध पर्याय आपण एकेक करून पाहू.

पहिला पर्याय भाड्याच्या टेलिफोन तारेचा. सुरुवातीच्या अशा तारांवरून सेकंदाला ९,६०० बिट जात. दहा लाख बाइट म्हणजे ८० लाख बिट. म्हणजेच एवढा मजकूर पाठवायला सुमारे १४ मिनिटे लागत. शिवाय अंतर वाढले की भाडेही वाढे.

दुसरा पर्याय उपग्रहाचा. १९९०च्या दशकात अर्नेटने तारांच्या जोडीला तोही वापरला. छतावर तबकडी बसवली की झाले. संस्था शहरात आहे की डोंगरात, याने फरक पडत नाही. मात्र भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर होतात. प्रकाशाच्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागतो, आणि प्रश्नाचे उत्तर परत यायला अर्धा. यंत्र कितीही सुधारले तरी हा उशीर टळत नाही.

तिसरा पर्याय प्रकाशतंतूचा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे ८०० किलोमीटरांना अवघे ४ सहस्रांश सेकंद पुरतात. सेकंदाला अब्जावधी बिट वाहून नेता येतात, ते वेगळेच. येथे अडचण खोदकामाची. कसबा पेठेसारख्या दाट वस्तीत तंतूपेक्षा गल्ली खणणेच महाग. पण एकदा खणले की अनेक संस्थांची सोय होते. सामायिक जाळ्याचा खरा फायदा हाच. २०१० साली मंजूर झालेले राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क प्रकाशतंतूंवरच उभे राहिले.

मग उपग्रह वाया गेला का? नाही. एकच पाठ एकाच वेळी शेकडो वर्गांत पोचवायचा असेल, तर अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. २००४ सालचा 'एज्युसॅट' त्यासाठीच सोडला होता. केवळ वेग पाहून निवड केली, तर जिथे तार पोचलेली नाही असे दुर्गम महाविद्यालय जाळ्याबाहेरच राहते.

वर्गात विद्यार्थ्यांना तीन कामे द्यावीत: पत्र पाठवणे, दूरच्या वर्गांना पाठ देणे, दूरची दुर्बीण चालवणे. प्रत्येकासाठी त्यांनी साधन निवडावे आणि कारण आकड्यांत द्यावे.