मन घट्ट करून भागत नाही: नोकरदार आई-बाबांविषयीचे पाच गैरसमज

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना झाली. पुण्याजवळ पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. त्यांच्या मागोमाग मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून तरुण जोडपी आली. आजी-आजोबा गावीच राहिले. शिफ्ट बदलत राहते, कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकते आणि पाळणाघराची वेळ टळून जाते. अशा आई-बाबांना ‘मन घट्ट कर’ एवढाच सल्ला मिळतो. तो अपुरा आहे.

गैरसमज १ : खंबीर माणूस मनातलं दाखवत नाही.

वस्तुस्थिती : ग्रॉस आणि लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगात काही जणांना दुःखद चित्रफीत दाखवून चेहरा कोरा ठेवायला सांगितलं. त्यांचं दुःख कमी झालं नाही. हृदय आणि रक्ताभिसरणावरचा ताण मात्र वाढला. घरी आल्यावर ‘आज लाइनवर फार धावपळ झाली, दहा मिनिटं बसते, मग खेळू’ असं मुलाला सांगणं केव्हाही बरं. आईचा राग आपल्यावर नाही, हे त्यालाही कळतं.

गैरसमज २ : कमी वेळ दिला की मुलाचं नुकसान ठरलेलंच.

वस्तुस्थिती : २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३ ते ११ वयाच्या मुलांसोबत आईने घालवलेले तास आणि मुलांचं वागणं, भावना किंवा अभ्यास यांत ठळक संबंध आढळला नाही. म्हणून वेळेचं मोल कमी होत नाही. पण तास मोजून स्वतःला दोषी ठरवण्यापेक्षा जेवताना मोबाइल बाजूला ठेवून मारलेल्या गप्पा मुलाला जास्त देतात.

गैरसमज ३ : एकदा ओरडलो की नातं बिघडलं.

वस्तुस्थिती : आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्याचा एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून अभ्यास केला. निरोगी नात्यातही सूर वारंवार चुकतो आणि पुन्हा जुळतो, असं त्यांना दिसलं. हे पुन्हा जुळणंच मुलाला आधार देतं. ‘मघाशी मी ओरडलो, चूक माझी होती’ हे वाक्य बापाचा मान घालवत नाही. मारहाणीला मात्र ही सबब लागू होत नाही.

गैरसमज ४ : दोन घोट घेतले की ताण उतरतो, झोप लागते.

वस्तुस्थिती : दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. अर्धवट झोपेने चिडचिड वाढते आणि ती मुलांवर निघते. नाइट शिफ्ट करणाऱ्याला दिवसा अंधारी खोली आणि सलग झोप मिळावी, ही घरातल्या सगळ्यांची गरज आहे. दारू सुटत नसेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

गैरसमज ५ : ज्याचं त्याने निभवावं.

वस्तुस्थिती : हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. अतिशय कठीण परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या पाठीशी बहुधा निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक. असा आधार मोठ्यांनाही लागतो. शेजारच्या घराशी आलटून पालटून मुलं सांभाळायचं ठरवा. पाळणाघर हा तर कायद्याचाच विषय आहे: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभा दिली. कंपनीकडे याची विचारणा जरूर करा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशात रस उरला नाही किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर थांबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मध्यरात्रीही तिथे फोन करता येतो.