गाड्यांनी भरलेली बोट कलंडत का नाही?

साकोली तालुक्यात, एकोडीच्या आसपासच्या तलावांवर डोंग्यात एक माणूस उभा राहिला तरी डोंगा डुचमळतो. मग मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट इतक्या मोटारी पोटात घेऊन सरळ कशी राहते? मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या बोटीने रस्त्याचे तीन-चार तास तासाभरावर आणले.

पहिलं कारण रुंदी. बोट डावीकडे झुकली की डावी बाजू पाण्यात जास्त बुडते, आणि जितकी बुडते तितक्या जोराने पाणी तिला वर रेटतं. रुंद बोटीत हा रेटा मध्यापासून लांब बसतो, म्हणून तो जास्त परिणामकारक. शिवाय जड गाड्या खाली, माणसं वर. उभ्या माणसाचा डोंगा नेमका इथेच फसतो.

खरा धोका वेगळाच आहे. गाड्या चढाव्यात म्हणून आतला मजला सलग मोकळा ठेवतात. तिथे पाणी शिरलं तर? पाण्याने भरलेली परात उचलून पाहा. जरा तिरकी झाली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून निघालेल्या ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’चे पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. बोट काही मिनिटांत आडवी झाली, १९३ माणसं गेली. किती साधी चूक!

त्यानंतर नियम बदलले. दरवाजा बंद आहे की नाही, हे आता कप्तानाला समोरच्या दिव्यांवरच दिसतं.