वजा गुणिले वजा

वडील ५६ वर्षांचे आहेत, मुलगा २९ वर्षांचा. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या दुप्पट कधी होईल?

क्ष वर्षांनी होईल असं मानू. तेव्हा वडील ५६ + क्ष वर्षांचे, मुलगा २९ + क्ष वर्षांचा. पहिली संख्या दुसरीच्या दुप्पट, म्हणून ५६ + क्ष = ५८ + २क्ष. इकडचं तिकडे केलं की क्ष = −२. म्हणजे वडिलांचं वय ‘वजा दोन वर्षांनी’ दुप्पट होईल! आठवीतलं पोर इथे पेन खाली ठेवतं आणि पहिल्या ओळीपासून चूक शोधायला लागतं. चूक सापडत नाही, कारण ती नाहीच.

हे गणित १८३१ सालच्या एका इंग्रजी पुस्तकातलं आहे. गणित शिकताना नवख्या माणसाचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं, हाच त्या पुस्तकाचा विषय, आणि तसं त्याच्या नावातच म्हटलं आहे: ‘ऑन द स्टडी अँड डिफिकल्टीज ऑफ मॅथेमॅटिक्स’. लेखक ऑगस्टस डी मॉर्गन. संच आणि तर्कशास्त्र शिकताना ज्याचे नियम आपण घोकतो तोच हा. त्याचा जन्म मदुराईचा, वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. जन्मानंतर थोड्याच काळात त्याचा एक डोळा गेला. बाविसाव्या वर्षी तो लंडनच्या नव्या विद्यापीठात गणिताचा पहिला प्राध्यापक झाला, आणि हे पुस्तक लिहिलं तेव्हा त्याने पंचविशीही ओलांडली नव्हती.

वजा दोन या उत्तराचं त्याने काय केलं? तो म्हणाला, हे उत्तर अर्थशून्य आहे, पण उपयोगी आहे. प्रश्न उलटा विचारला गेलाय, हे ते सांगतं. ‘कधी होईल’ऐवजी ‘कधी होतं’ असं विचारा. दोन वर्षांपूर्वी वडील ५४ चे होते आणि मुलगा २७ चा. गणित सुटलं. पण −२ ही स्वतःच्या पायावर उभी असलेली एक संख्या आहे, हे तेव्हा त्याच्या पचनी पडत नव्हतं. ऋण संख्येचं वर्गमूळ जितकं अशक्य, तितकीच एकटी ऋण संख्याही अशक्य, असं त्याचं म्हणणं होतं.

मला या गोष्टीचं अपार अप्रूप वाटतं. पेन खाली ठेवणारं ते पोर आणि लंडनचा प्राध्यापक एकाच उंबऱ्यावर थबकलेले आहेत. पोराला आपण सांगतो, ‘तुझं गणित कच्चं आहे.’ खरं म्हणजे त्याचा पाय अवघड जागी पडलेला असतो, आणि ती जागा अवघड आहे हे त्याला नीट जाणवलेलं असतं.

त्या उंबऱ्यावरची गर्दी तर बघा. साधारण तिसऱ्या शतकातला ग्रीक गणिती डायोफँटस. त्याच्यासमोर ४क्ष + २० = ४ अशा अर्थाचं समीकरण आलं, आणि क्ष वजा चार येतो म्हटल्यावर त्याने ते निरर्थक ठरवलं. सतराव्या शतकातला पास्कल. शून्यातून चार काढले तर शून्यच उरतं, ही त्याला इतकी उघड गोष्ट वाटे की ती न कळणाऱ्यांचंच त्याला नवल वाटलं. त्याच्याच काळातला आंत्वान आर्नो तर फार मार्मिक शंका काढून गेला: १ भागिले −१ आणि −१ भागिले १ ही दोन्ही गुणोत्तरं सारखी म्हणतात. मग मोठ्याचं लहानाशी जे नातं, तेच लहानाचं मोठ्याशी कसं असेल? आणि विल्यम फ्रेंड. त्याने १७९६ साली बीजगणिताचं पुस्तक छापलं, त्यात ऋण संख्यांना थाराच दिला नाही. याच फ्रेंडची मुलगी सोफिया १८३७ साली डी मॉर्गनची पत्नी झाली.

आपल्याकडे मात्र हे सगळं आधीच ठाऊक होतं, असं कुणीतरी म्हणेल. नियम ठाऊक होते, ही गोष्ट खरी आणि अभिमानाची. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम मांडले आहेत. ऋण गुणिले ऋण धन, हे त्यात स्वच्छ आहे. पण नियम ठाऊक असणं वेगळं आणि उत्तर मनाला पटणं वेगळं. हे मला सर्वांत सुंदर दिसतं ते भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात.

त्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, उरलेल्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर चढताना दिसलं. तर कळपात माकडं किती? वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नासचा ताळा घेऊ: पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचं एक, झाले ५०. आता पाचचा: पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले −२, वर्ग ४, आणि फांदीवरचं एक, झाले ५. आकडे चोख जुळतात. तरी भास्कराचार्य म्हणतात की दुसरं उत्तर घेऊ नये, कारण प्रत्यक्ष वस्तूंची संख्या ऋण असू शकते हे लोकांना पटत नाही. वजा दोन माकडं कुणी पाहिली आहेत?

तेच भास्कराचार्य ‘लीलावती’त एक त्रिकोण देतात. दोन बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाकायचा आणि पायाचे दोन तुकडे किती होतात ते काढायचं. रीत वापरली की एक तुकडा १५ येतो. पाया नऊच, आणि त्याचा तुकडा पंधरा! दुसरा तुकडा येतो −६. इथे ते उत्तर फेटाळत नाहीत. ते सांगतात, हा तुकडा उलट दिशेला आहे. वहीत आकृती काढून बघा. त्रिकोण एका बाजूला इतका कललेला आहे की लंब पायावर पडतच नाही, बाहेर सहा घरं दूर पडतो. लंबाची उंची दोन्हीकडून ८ च येते: १०० मधून ३६ गेले ६४, आणि २८९ मधून २२५ गेले तरी ६४. माकडांच्या बाबतीत जे उत्तर टाकून द्यावं लागलं, तसंच उत्तर जमिनीवरच्या अंतराला अचूक लागू पडलं. मोजायची वस्तू बदलली आणि ऋण संख्येला बसायला जागा मिळाली.

हे ग्रंथ ११५० च्या सुमाराचे. पुढे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. गणित शिकायला अवघड असतं आणि त्यासाठी निवांत जागा लागते, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होतं असं मला त्यावरून वाटतं.

आता खरा काटा: वजा गुणिले वजा अधिक का? फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल याने आपल्या शाळकरी वयाच्या आठवणींत या एका प्रश्नापायी झालेली तगमग लिहून ठेवली आहे. ग्रनोबलच्या त्या मुलाला ढोंगाची चीड होती, आणि गणितात ढोंगाला वावच नाही म्हणून त्याचं गणितावर प्रेम बसलं होतं. मग हा नियम आला. त्याने विचारलं, का? कुणी समजेल असं सांगेना. ऋण म्हणजे कर्ज समजा, असं सांगण्याची पद्धत तेव्हाही होती. त्यावर त्याचा प्रश्न असा: एखाद्याचं १०,००० फ्रँकचं कर्ज ५०० फ्रँकच्या कर्जाने गुणलं, तर त्याच्याकडे ५० लाखांची संपत्ती कशी जमा होईल?

हा प्रश्न अतिशय रास्त आहे. कर्जाच्या दाखल्याने बेरीज-वजाबाकी छान समजते, गुणाकाराला मात्र तो दाखला पुरत नाही. रुपयांना रुपयांनी गुणण्याला मुळी अर्थच नाही, मग ते कर्जाचे असोत की मालकीचे. एक संख्या रुपयांची हवी आणि दुसरी ‘किती वेळा’ याची. दोनशे रुपयांची देणी तीन वेळा रद्द झाली तर माणूस सहाशेने वर येतो, इतपत सांगता येतं. पण खरं कारण याहून खोल आहे, आणि ते चौकटीच्या वहीत दिसतं.

दहा घरं लांब, दहा घरं रुंद असा चौरस आखा. घरं शंभर. उजवीकडचे दोन उभे स्तंभ खोडा, वीस घरं गेली. खालच्या तीन आडव्या ओळी खोडा, तीस गेली. उरले किती? १०० − २० − ३० = ५०. आता उरलेला आयत मोजा: आठ बाय सात. आठ साते छप्पन्न! हे सहा कुठून आले? खालच्या उजव्या कोपऱ्यात बघा. दोन बाय तीन, अशी सहा घरं स्तंभांतही आहेत आणि ओळींतही. ती आपण दोनदा वजा केली. म्हणून एकदा परत मिळवायला हवीत. (१० − २) × (१० − ३) = १०० − ३० − २० + ६. तो शेवटचा अधिक सहा म्हणजेच वजा दोन गुणिले वजा तीन. तिथे कुणी हट्टाने वजा सहा ठेवले, तर आठ साते चव्वेचाळीस होतील आणि सगळे पाढे कोसळतील.

पहिल्यांदा ही सहा घरं कोपऱ्यात दिसतात तेव्हा अंगावर काटा येतो. आजवर जो हुकूम वाटत होता, त्याचा पुरावा वहीच्या पानावर कायम पडून होता.

पण सूक्ष्म मेख अजून शिल्लक आहे. इथे वजा दोनच्या पाठीशी दहा उभे होते. वजाबाकीतला हा नियम डायोफँटसलाही माहीत होता. दहाचा आधार काढून −२ ला एकटं उभं करायचं तर काय? याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळालं, आधी जॉर्ज पीकॉकच्या १८३० च्या ग्रंथात आणि मग हर्मान हांकेलने १८६७ साली मांडलेल्या तत्त्वात. उत्तर असं: आपण संख्यांचं कुटुंब वाढवतो आहोत, तर घरचे जुने कायदे नव्या सदस्यांनाही लागू ठेवू. ३ आणि −३ यांची बेरीज शून्य. −२ ला शून्याने गुणलं तर शून्यच यायला हवं. म्हणजे −२ × ३ आणि −२ × −३ यांची बेरीज शून्य. पहिला गुणाकार −६. मग दुसरा +६ वाचून दुसरं काही असूच शकत नाही. ब्रह्मगुप्तापासून हांकेलपर्यंत बाराशे वर्षांहून अधिक काळ गेला. शाळेत या गोष्टीला फार तर एक-दोन तास मिळतात, आणि त्यातही फळ्यावर नियम लिहून ‘पाठ करा’ म्हटलं जातं. मला हे मुलांवर अन्यायाचं वाटतं. नियम पाठ करायला हवाच, पण त्याआधी तो चौरस प्रत्येकाच्या वहीत आखला जायला हवा.

आणि मग अकरावीत ती जुनीच अडचण नव्या वेषात समोर येते: −१ चं वर्गमूळ. भास्कराचार्यांनी सांगून ठेवलंय की ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती कुणाचा वर्गच नाही. धनाचा वर्ग धन, ऋणाचाही धन. यात तर्काची कुठेही चूक नाही. मग ‘काल्पनिक संख्या’ नावाचं प्रकरण सुरू होतं आणि पोरं पुन्हा पेन खाली ठेवतात.

इथे सुटका झाली ती दिशेच्या कल्पनेने. संख्यारेषेवर ३ वर उभे राहा. −१ ने गुणा, तुम्ही −३ वर गेलात. म्हणजे शून्याभोवती अर्धं वर्तुळ फिरलात. पुन्हा −१ ने गुणा, आणखी अर्धं वर्तुळ, परत ३ वर. वजा गुणिले वजा अधिक, हे दोनदा पाठ फिरवण्याइतकं सरळ झालं. आता विचारा: असं काय आहे की जे दोनदा केलं असता एकदा पाठ फिरते? पाव वर्तुळ! ते रेषेवर मिळणार नाही, रेषा सोडून कागदाच्या मोकळ्या पृष्ठावर जावं लागेल. रेषेवर चालणाऱ्यासाठी भास्कराचार्यांचं म्हणणं आजही खरं आहे. रेषेबाहेरचं हे पाव वळण म्हणजे −१ चं वर्गमूळ.

हे चित्र १७९७ साली कास्पर वेसेल याने कोपनहेगनच्या विद्वत्सभेपुढे मांडलं. तो जमिनीची मोजणी करणारा माणूस होता, रोज अंतर आणि दिशा यांच्यातच वावरणारा. १८०६ साली, म्हणजे डी मॉर्गनच्या जन्मवर्षी, आर्गाँ याने पॅरिसमध्ये स्वतंत्रपणे तेच चित्र छापलं. आणि एकट्या −२ ला अर्थशून्य म्हणणाऱ्या डी मॉर्गननेच १८४९ साली या दिशायुक्त संख्यांच्या बीजगणितावर पुस्तक लिहिलं.

एखादी चौकस मुलगी इथे थांबणार नाही. ती विचारेल, पाव वळणाच्याही निम्मं वळलं तर? तेही चालतं. कागदावर शून्यापासून एक घर उजवीकडे आणि एक घर वर जा, आणि ते सगळं २ च्या वर्गमूळाने भागा. ही संख्या स्वतःने गुणली की बरोबर पाव वळण मिळतं. चार वेळा घेऊन गुणली की −१, आणि आठ वेळा घेऊन गुणली की १. तिचंही वर्गमूळ आहे, आणि त्या वर्गमूळाचंही.